खुंट्यावर तीन झटके

खुंटा सर करायचाच, या इराद्याने तिघे जण अंधारातच नाशिकहून निघाले होते. चांदवडच्या अलीकडे, डोंगररांगेतून फुटून एकटाच उभा राहिलेला हा सुळका. जात्याच्या खुंट्यासारखा सरळसोट, गुळगुळीत आणि कुणालाही दाद न देणारा. त्याच्या माथ्यावर अजून माणसाचं पाऊल लागलेलं नव्हतं. कॉलेजच्या गिर्यारोहण क्लबची प्रमुख शुभांगी पगार दोनदा त्याच्या अंगाला भिडली होती आणि दोन्ही वेळा हात चोळत परतली होती. यंदा तिचं शेवटचं वर्ष. जूनपासून पुण्याला नोकरी. म्हणजे आज जमलं तर जमलं, नाहीतर खुंटा दुसऱ्या कुणाचा तरी होणार!

आणि तो दुसरा कुणीतरी आत्ता तिच्या पुढेच, पाठीवर दोराचं वेटोळं घेऊन, शीळ घालत चालला होता.

समाधान मौले. पहिल्या वर्षाचा. मखमलाबादचा, घरी झेंडू-शेवंतीची शेती. लहानपणी मळ्यातल्या विहिरीच्या भिंतींवरून चढउतार करत वाढलेला हा मुलगा क्लबात आला आणि शुभांगीचं स्वास्थ्य गेलं. जे शिकायला तिने तीन वर्षं कोपरं सोलून घेतली, ते हा पठ्ठ्या सहज करत होता. वर पुन्हा विचारायचा, “एवढंच ना?” त्याचं हे ‘एवढंच ना’ तिच्या कानात दिवसभर कुसळासारखं टोचायचं.

तसं तिने त्याला शिकवण्यात कसूर केली नव्हती. उलट, क्लबात एवढं कडक तिने कुणालाच शिकवलं नव्हतं. गाठ जरा सैल दिसली की सोड, पुन्हा बांध. हेल्मेट विसरला की जा परत, आण. पण हे सगळं त्याच्या भल्यासाठी की त्याचा तोरा उतरावा म्हणून, असं कुणी विचारलं असतं तर तिला छातीवर हात ठेवून उत्तर देता आलं नसतं. तिच्या पोटात दुखत होतं, आणि ते तिला ठाऊक होतं.

“समाधान, शीळ बंद. दम राख.”

“ताई, माझा दम कवाच संपत नाय.”

“तुझा नाही संपत, आमचा संपतो तुला ऐकून,” मागून धापा टाकत ललित म्हणाला. ललित हा शुभांगीचा वर्गमित्र. कॅमेरा, जेवण आणि जेवायला पसरायचा प्लॅस्टिकचा भलामोठा कागद एवढं सगळं त्याच्या पाठीवर होतं. कागदावरून दोघांनी त्याची वाटभर टिंगल केली होती, पण मातीत बसून जेवायला तो तयार नव्हता.

सुट्या दगडमातीच्या घसाऱ्याची चढण संपली. मग कातळाचा पहिला टप्पा, मग दुसरा. ऊन चढायच्या आत तिघे सुळक्याच्या कमरेशी, जेमतेम चार माणसं टेकतील अशा एका कपारीत येऊन पोचले. खाली शेतांचे हिरवे-तपकिरी तुकडे, दूर महामार्गावरून सरकणारे ट्रक, आणि वर तो कुप्रसिद्ध बाहेर आलेला फुगवटा. इथूनच शुभांगी दोनदा मागे फिरली होती.

“मी जाते,” ती म्हणाली. “समाधान, दोर तू सांभाळ.”

ती चढली. मेखा ठोकत पहिले पंधरा फूट झकास! मग फुगवटा आला. डावा हात एका बोटभर खाचेत, उजवा हवेत. उजव्या हाताला पकड सापडेना. दंड थरथरायला लागले. अजून एकदा! छे! अजून एकदा! बोटं निसटली आणि ती दोराला लटकली. समाधानने दोर असा घट्ट धरला होता की ती फूटभरसुद्धा खाली आली नाही. त्याचंही तिला बरं वाटलं नाही.

ती कपारीत उतरली.

“ताई,” समाधान म्हणाला, “मी जाऊ?”

नाही म्हणावं, ऊन झालं म्हणावं, सामान आवरून सरळ घरी जावं, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. ललित तिच्याकडे बघत होता. त्याला सगळं दिसत होतं, हे तिला दिसत होतं.

“जा,” ती म्हणाली. “पण माझ्या अटींवर. दर दहा फुटांवर मेख ठोकायची, दोर त्यात अडकवायचा, मगच पुढे. आणि दोराला तीन झटके बसले की उतरायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही.”

“मेखा ठोकत बसलो तर सांज व्हईल ताई.”

“मग खाली बस.”

त्याने तोंड वाकडं केलं आणि निघाला. फुगवट्यापाशी क्षणभर थांबला. उजवा पाय खांद्याच्या उंचीवर टेकवला, अंग फिरवलं आणि सर्रकन वर! दोन वर्षं शुभांगीने हाताने पकड शोधली होती. ती पायाने घ्यायची होती! ललितने टाळ्यांसाठी उचललेले हात तिचा चेहरा पाहून खिशात घातले.

समाधान चढतच राहिला. ती दोर सोडत राहिली. एकदा पाय घसरू दे, तिला वाटलं. पडू नये, लागू नये, पण नुसता घसरू दे, म्हणजे त्यालाही कळेल! वाटलं मात्र, आणि स्वतःचीच तिला किळस आली.

दोर कातळाला घासू नये म्हणून ती कपारीच्या टोकाला सरकली. तिथून सुळक्याची पलीकडची बाजू पहिल्यांदाच दिसली, आणि ती जागच्या जागी गोठली.

समाधानच्या उजव्या हाताला, कोपऱ्याआड, एका कड्याखाली सुपाएवढा काळा गोळा लोंबत होता. त्याच्या पलीकडे आणखी एक. गोळ्याच्या अंगावरून मधूनच एक लाट सरकत जात होती.

आग्या मोहोळ!

समाधानला ते दिसणं शक्य नव्हतं. माथा त्याच्यापासून पंधरा फुटांवर होता. गुपचूप गेला तर जाईलही. माशा काही दर वेळी उठत नाहीत. मग त्याला खाली बोलवायचं ते माशांसाठी, की तो माथ्याला पोचेल म्हणून? शुभांगीने मनाशी खरं काय ते शोधलं, आणि तिला सापडलं नाही. मत्सर इतका दाटला होता की तिच्याच बुद्धीवर तिचा भरवसा उरला नव्हता. या घोळात वेळ गेला.

आणि समाधानने कमरेची हातोडी काढली. कधी नव्हे ते तिचं ऐकून तो पुढची मेख ठोकायला थांबला होता!

ओरडायची सोय नव्हती, आवाजाने माशा उठल्या असत्या. तिने दोर ओढला. एक. दोन. तीन!

समाधानने खाली पाहिलं. माथ्याकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आणि हसला. त्याने मान हलवली. नाय!

हातोडी मेखेवर बसली. ठण्ण!

काळा गोळा फाटला.

“आग्या!” ललित किंचाळला. आधी नुसती घरघर, मग सगळं आभाळ घोंगावायला लागलं. “उतर!” शुभांगी ओरडली. आता गप्प राहण्यात अर्थ नव्हता. “समाधान, हात सोड! दोरावर बस!”

“वर जातो! दोर द्या ताई! दोर सोडा!”

“नाही!”

“ताई, दोर!”

तिने वीतभरही दिला नाही. पहिला डंख त्याच्या मानेवर बसला, दुसरा पापणीवर. हात सुटला! तो हवेत आला! दोर ताणला गेला, खालच्या मेखेने करकर आवाज केला, शुभांगी कातळावर आपटली. मेख टिकली. दोर टिकला. आणि मग माशा तिच्यावर आल्या.

मनगटावर, कानामागे, ओठावर. चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याला माशा हाकलायला हात मोकळा नसतो. हात सोडला की वरचा गेला. तिने डोळे मिटले आणि दोर सोडत राहिली, हात-हात, न थांबता. खाली. अजून खाली. तिच्या तोंडून आवाज निघत होता, तो तिचाच आहे हे तिला उशिरा कळलं.

धप्प! समाधान कपारीत आला. ललितने तिघांवर आपला तो भलामोठा कागद ओढला, कडा गुडघ्यांखाली दाबल्या आणि म्हणाला, “हलू नका.” आत भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. बाहेर कागदावर माशा पावसासारख्या आदळत होत्या. कुणी हललं नाही. बऱ्याच वेळाने आवाज विरळ झाला, मग थांबला. मग एकामागून एक, मुकाट, ते खाली उतरले.

पायथ्याच्या वस्तीवर राहणाऱ्या धोंडाबाईंनी तिघांची तोंडं पाहून कपाळाला हात लावला. कांदे फोडून डंखांवर चोळले, मुलाला मोटारसायकल काढायला लावली आणि दोन खेपांत तिघांना आरोग्य केंद्रात पाठवलं.

ललित आत सुई टोचून घेत होता. बाहेर बाकावर दोघं बसली होती. समाधानचा एक डोळा पुरता बंद, शुभांगीचे हात वांग्यासारखे सुजलेले.

“ताई, खरं सांगू? मला वाटलं तुम्ही माझ्यावर जळता, म्हणून दोर वडला.”

“जळतेच,” शुभांगी म्हणाली.

त्याने उरलेला डोळा तिच्याकडे वळवला.

“खूप जळते. तू तो फुगवटा पायाने घेतलास ना, तेव्हा मला रडू येत होतं.”

समाधानने सुजलेल्या पापणीला बोट लावून पाहिलं. “मग तुम्ही वडलं ते माशांसाठी का जळून, ते मी कसं वळखायचं?”

“मलाच ओळखता आलं नाही, तुला काय येणार? म्हणूनच विचारायचं नाही असं ठरवलेलं असतं.”

तिला आणखी एक गोष्ट माहीत होती. कपारीच्या टोकावरून बाहेर झुकल्यावर मोहोळ दिसलं, तेव्हाच फुगवट्याच्या डावीकडे एक भेगही दिसली होती. सरळ माथ्यापर्यंत गेलेली, मोहोळापासून लांब. ही भेग अख्ख्या क्लबात फक्त तिला ठाऊक होती. पुण्याहून सुट्टी काढून कधीतरी येता आलं असतं. तिने सुजलेले ओठ दाबले. मग एकदम बोलून टाकलं, कारण थांबली असती तर बोलली नसती.

“डावीकडून भेग आहे. माथ्यापर्यंत. तिकडून जा. दिवाळीनंतर.”

“ती मी बगितली व्हती,” समाधान लगेच म्हणाला.

त्याच्या जागेवरून ती दिसणं शक्यच नव्हतं. शुभांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग तिला हसू आलं, आणि ओठ ठणकला.

“दोर मात्र तुम्ही धरायचा,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “दुसऱ्या कुणाच्या दोरावर मी जाणार नाय.”

त्याने माथ्यावर उभं राहायचं आणि आपण खाली दोर सांभाळायचा! तिच्या पोटात पुन्हा तेच दुखलं, मघाइतकंच.

“येईन,” ती म्हणाली. “पण तीन झटके बसले तर?”

“उतरीन.”

“का म्हणून विचारणार नाहीस?”

समाधानने विचार केला.

“इचारीन,” तो म्हणाला. “खाली आल्यावर.”