उजवो कौल

त्याने मला पहिली हाक मारली ती ‘चोर’ म्हणून!

सत्तावन्न सालचा आषाढ. मसुऱ्याच्या सरकारी दवाखान्याच्या कुंपणाला निर्गुडी होती. आयेच्या गुडघ्यांना शेक द्यायला मी भर पावसात पाला ओरबाडत होते...

“कोण गो ती चोर?”

वळून बघते तर नवा कंपाउंडर, हरिश्चंद्र. मेल्याला हसू आवरत नव्हतं.

“आयेक संधिवात आसा,” मी फणकारले. “खाटेवरून उठणा नाय.”

“शेक देवा, पण तिका चलवा. बसान ऱ्हवली तर सांधे कायमचे धरतले.”

मग तो घरीच यायला लागला. आयेचे पाय वाकवायचा, सरळ करायचा, परसात फिरवायचा. ती शिव्या घालायची आणि चालायची. नारळीपौर्णिमेपर्यंत ती विहिरीवर जाऊ लागली.

“आये बरी झाली,” एकदा पडवीत तो हळूच म्हणाला. “पण माका कोण बरो करतलो?”

“तुमका काय झाला?”

“झोप नाय... अन्न गोड लागणा नाय.”

“मगे औषध घेवा!”

“औषध तुमच्याच घरात आसा गो, मथुरा—”

मी आत पळाले.

भाद्रपदात त्याची बदली बांद्याला झाली, तेव्हा त्याने आयेकडे मला मागितलं. त्याच दिवशी आयेने खाट धरली. “पाय गेले माझे,” एवढंच. बाबा नाहीत, भाऊ नाही. तिला टाकून मी जाणार कशी? मी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, चुलीपुढे बसून रडले. त्याला सांगितलं, माझी वाट बघू नका.

तो निरोप घ्यायला आला, तर खाट रिकामी! खुंटीवरचं पावसात घ्यायचं इरलंही नाही. आम्ही दोघं पावसातून धावलो. आये देवळाच्या पायऱ्यांवर बसली होती. एकटी चालत आलेली.

“आये! तुझे पाय?”

“कौल लावूक इलंय.” तिने मान खाली घातली. “देवाक इचारलंय, पोरीक धाडू काय नको.”

“मगे?”

“उजवो दिल्यान.” उजवा म्हणजे होकार. तिचा आवाज फाटला. “देव चुकलो असा वाटता माका.”

राग कसला येतो! मी तिला घट्ट मिठी मारली. हरिश्चंद्राने तिला उठवायला हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला.

“नको. आता एकटीनच चलाचा आसा माका.”

कण्हत, एकेक पायरी ती उतरू लागली. मागे त्याने माझा हात धरला. मला हवं ते सगळं मिळालं होतं... आणि मी हमसून हमसून रडत होते.