मागच्या उताराचा गॅस

विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. पण माझी मावशी थापा मारणाऱ्यातली नाही, आणि हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

रात्रही नव्हती. लख्ख उजेड होता.

मावशी पालिकेत गॅस तपासायचं काम करते. शहराबाहेर कचऱ्याचा मोठा डोंगर आहे. कचरा कुजला की आत पेट घेणारा गॅस साचतो. तो नुसता जाळून टाकायचा, त्यावर वीज करायची, की नळाने घरोघरी स्वयंपाकाला द्यायचा... यावर पालिकेत खल चालला होता. मोठे साहेब घरोघरी देण्यासाठी हटून बसले होते. गॅस पुरेल का, हे मावशीने सांगायचं होतं.

म्हणून डोंगरात ठिकठिकाणी पाइप उतरवले. प्रत्येकावर दाब दाखवणारा काटा.

सगळ्यात जास्त गॅस लागला मागच्या उताराला.

हा उतार पूर्वी एका पावसाळ्यात खचला होता. खाली घरांची एक ओळ होती. ऐन स्वयंपाकाच्या वेळी सगळं गाडलं गेलं. काही माणसं सापडली.

काही सापडलीच नाहीत.

मावशीला हे ठाऊक होतं. पण काम ते काम.

एक गोष्ट मात्र तिला खटकली. बाकीच्या पाइपांवर घारी बसायच्या. इथे एकही नाही...

आणि इथला काटा पडायचा.

सकाळी पडायचा. दुपारी चढायचा. दिवस कलला की पुन्हा पडायचा.

गळती असेल, म्हणून तिने मिस्त्रीला बोलावलं. माणूस काडीसारखा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याने साबणाचं पाणी लावून सगळे सांधे तपासले.

एकही बुडबुडा नाही.

"मॅडम, गळत नाहीये," तो म्हणाला. "खालून कुणीतरी ओढतंय."

"काहीतरीच काय! आत काही अडकलं असेल."

मावशीने पाना घेतला आणि पाइपवर ठोकलं.

टक... टक... टक...

आतून आवाज आला.

पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखा.

मग एका बाईचा. अगदी रोजचा, घाईतला.

"आले, आले... हात भरलेत!"

पैलवानाच्या हातून बादली सुटली.

खालून पावलं येत होती. वर... आणखी वर...

पाइपच्या तोंडाशी थांबली.

कडी सरकल्याचा आवाज झाला.

मावशीच्या तोंडून कसंबसं निघालं, "चुकून वाजलं हो. तुमचं चालू द्या."



मग पावलं परत गेली... आणि काटा पुन्हा पडू लागला.

बैठकीत मावशी म्हणाली, "साहेब, मागच्या उताराचा गॅस धरू नका."

"का? सगळ्यात जास्त तर तोच आहे."

"तो वापरात आहे."

"कुणाच्या?"

मावशीने जमिनीकडे बोट दाखवलं. खोलीत हशा पिकला.

"चला, मला दाखवा," साहेब म्हणाले. त्याच संध्याकाळी ते मावशीबरोबर डोंगरावर चढले. हसत हसत वाकले आणि पाइपला कान लावला.

बराच वेळ ते तसेच राहिले.

उठले तेव्हा चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. उतरताना एकच वाक्य बोलले.

"त्यांना माझं नाव कसं माहीत?"

दुसऱ्या दिवशी निर्णय झाला. गॅस घरोघरी जाणार, पण मागचा उतार सोडून. कारण कुणी विचारलं नाही. नळ टाकले गेले, शेगड्या पेटल्या, लोक खूश झाले.

मग एके दिवशी साहेब ऑफिसातून निघाले, ते घरी पोचलेच नाहीत.

गाडी डोंगराच्या पायथ्याशी सापडली. दार उघडं. बूट गाडीजवळ काढून ठेवलेले, दुसऱ्याच्या घरात शिरताना काढतो तसे...

पोलिसांनी सगळीकडे शोधलं. साहेब आजवर सापडले नाहीत.

मागच्या उताराचा काटा आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ खाली राहतो. यंत्र बदलून पाहिलं. नवंही तेच दाखवतं.

मावशी त्यावर फारसं बोलत नाही. एकदाच म्हणाली होती, हळूच...

"त्यांच्याकडे माणूस वाढलाय."