आबांचा पाय गप्प का?

घरोघरी यंत्रमानव आले, तेव्हा घरातली भांडणं कमी होतील असं लोकांना वाटलं होतं. भुसावळच्या सरोद्यांकडे मात्र सकाळीच भांडण जुंपलं. फरशीवर लाल ठिपके कोणी पाडले?

"कुमारी शलाका, जॅम सांडणे अशोभनीय आहे," सुबक म्हणाला. झाडलोट करणाऱ्या या यंत्रमानवात कुणीतरी सरकारी मराठी भरली होती.

"मी जॅम खाल्लाच नाही," सहावीतली शलाका म्हणाली. "तूच गळत असशील. कालपासून कलून चालतोयस."

"माझा एक स्क्रू हरवला आहे. तथापि मी लाल गळत नाही."

दोघं ठिपक्यांच्या मागे निघाले. ठिपके थेट आबांच्या खुर्चीपाशी थांबले. आबा, म्हणजे शलाकाचे आजोबा, निवृत्त इंजिनचालक. स्टुलावर पाय टाकून ते मजेत पेपर वाचत होते आणि त्यांच्या तळव्यात स्क्रू रुतला होता.

"तो माझा आहे. कृपया परत करावा," म्हणत सुबकने हात पुढे केला. शलाकाने तो मागे ओढला.

"आबा, दुखत नाही?"

"काय दुखत नाही?" आबांनी वाकून पाहिलं. "अरेच्चा. हळद लावू. संध्याकाळी शेजारच्या वरातीत नाचायचंय मला."

भाजीत मिरची जास्त झाली तरी घर डोक्यावर घेणारे आबा, आणि स्क्रू घुसल्याचा पत्ता नाही? शलाकाला ते मुळीच बरं वाटलं नाही. तिने आईला हाक मारली आणि दोघींनी आबांना डॉक्टर तडवींकडे नेलं.

डॉक्टरांनी स्क्रू काढला, जखम धुतली. मग नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला.

"सुरू करा की," आबा म्हणाले.

"झालं तपासून," डॉक्टर म्हणाले. "तुमचा मधुमेह जुना आहे. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली, की मज्जातंतू (पायाची खबर मेंदूला देणारे धागे) निकामी होतात. सिग्नलची तार तुटली तर केबिनला काय कळणार?"

हे मात्र आबांना चटकन समजलं.

"पण जखम भरेल ना?" शलाकाने विचारलं.

"साखरेमुळे रक्तवाहिन्याही अरुंद होतात. रक्त कमी पोचलं, की दुरुस्तीचं सामानही कमी पोचतं. दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो. मग होतो व्रण (न भरता खोल जाणारी जखम). जंतू हाडापर्यंत गेले, तर पाऊलसुद्धा गमवावं लागतं. तुम्ही वेळेवर आलात."

"म्हणजे वरात..."

"खुर्चीत बसून."

आबा खुर्चीत बसून फक्त हातांनी नाचले. मागे खुर्ची धरून सुबक वाकडातिकडा डुलत होता. वरातीतल्या लोकांना वाटलं, तोही नाचतोय.

पुढे कितीतरी आठवडे आबांच्या पायात जखमेवर भार न येऊ देणारा जाडजूड बूट होता. साखरेवर आईची नजर होती. शलाका रोज आरसा धरून त्यांचे तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या तपासायची. शेवटी जखम भरली. डॉक्टरांनी आबांना नवे मोजे दिले. तळव्याचा एखादा भाग आतून तापू लागला, तर ते मोजेच आधी सांगणार होते. "तरी आरसा सोडायचा नाही," डॉक्टरांनी बजावलं.

"डॉक्टर, ते तुटलेले धागे पुन्हा वाढवता येतील?" शलाकाने विचारलं.

"अजून कुणाला नीटसं जमलेलं नाही. शोध चालू आहे."

"मग मी शोधेन," शलाका म्हणाली. आबांनी मोजे ओढून सरळ केले आणि म्हणाले, "तू सावकाश शिकून ये. तोवर मी पाय जपून ठेवतो."