प्रतिमनाची माफी

एकाच संध्याकाळी दोन लग्नांची जेवणं आणि एक सांत्वनाची भेट उरकायची सोय प्रतिमनाने केली, तेव्हा सर्वांत खूश झाले ते नातेवाईक टाळणारे लोक. मनाची नक्कल भाड्याच्या यंत्रदेहात घालायची आणि कामाला धाडायची. काम संपलं की तिथे काय घडलं ते मूळ मनाला कळे आणि प्रतिमन मिटवलं जाई.

शर्मिष्ठा टिपणीसने वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, शेवटच्या दुखण्यात त्यांच्यापाशी, मिरजेच्या इस्पितळात, प्रतिमनच धाडलं. पुण्यातलं काम सोडून तिला स्वतः जाता आलं असतं, पण जायचं नव्हतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा दादा तिच्याकडे फिरकलेसुद्धा नव्हते. तो राग ठसठसत असतानाच तिने नक्कल करवून घेतली.

दादा गेल्यावर वृत्तांत तिच्या मनात उतरला. ते आईची आठवण काढून रडले होते. प्रतिमनाने त्यांचं डोकं मांडीवर घेऊन त्यांना मनापासून माफ केलं होतं. शर्मिष्ठाला सगळं कळलं, पण वाटलं काहीच नाही. राग होता तिथेच होता.

ती प्रतिमन केंद्राच्या डॉ. सबनीसांकडे गेली. त्यांनी समजावलं, की निघताना प्रतिमनाला भावसंदर्भाची, म्हणजे कोणावर माया आणि कोणावर राग या मनातल्या मांडणीची, एक प्रत मिळते. पुढचे बदल त्या प्रतीतच राहतात. पहिल्या प्रयोगांत ते मूळ मनात ओतले होते. एका गृहस्थाची तीन प्रतिमनं त्याच्या बायकोबद्दल प्रेम, किळस आणि भीती घेऊन परतली आणि तो बिचारा पुन्हा सावरलाच नाही. तेव्हापासून परत येते ती फक्त हकीकत.

"मग दादांपाशी होती त्या नकलेला पुन्हा चालू करा," शर्मिष्ठा म्हणाली. "मला तिच्याशी बोलायचंय."

"ती राहिली नाही, टिपणीसबाई. नवीन काढता येईल, पण ती आजच्या तुमच्यावरून निघेल. तुमचाच राग घेऊन."

"तिचा राग गेला, तसा हिचाही जाईल."

"तिच्यासमोर दादा होते," सबनीस हळूच म्हणाले.

शर्मिष्ठाला रडायचं होतं आणि रडू येत नव्हतं. दादांनी शेवटी विचारलेलं तिला शब्दन् शब्द ठाऊक होतं. "शमे, तुझ्या मनात आता काही नाही ना?" प्रतिमन "नाही" म्हणालं होतं, आणि ते खोटं बोलत नव्हतं.