हॅकेटनं निवडलेला रनर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसू येणार नाही.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलीय. अमेरिकेतलं लेडव्हिल गाव, सप्टेंबरातला रविवार, लख्ख ऊन पडलेली दुपार. रात्र असती तर मीच म्हटलं असतं, भास झाला असेल.

आम्ही इंग्लंडातल्या कॉर्नवॉलची माणसं, चांदीच्या खाणीपायी या डोंगरावर आलेली. मी खानावळ चालवायचे. माझा धाकटा भाऊ पास्को खाणीत होता. दगडाच्या धुळीनं त्याची छाती पार पोखरली होती. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं, "आणखी एक हिवाळा खाली काढलास तर पुढचा उन्हाळा दिसायचा नाही."

आमच्या मुकादमाला बेसबॉलचं भारी वेड. त्याचा शब्द होता, पलीकडच्या खाणीतल्या आयरिश पोरांना हरवा, नऊच्या नऊ जणांना खाणीबाहेर, वरचं काम देतो. पास्को त्या नऊंत होता.

सामना कसला! माझ्या भावाचा जीव पणाला लागला होता.

शेवटचा डाव आला तेव्हा बरोबरी होती. आमच्या तिघांची बोटं मोडलेली. हातमोजे तेव्हा कुणाला ठाऊक होते? आणखी एक डाव निभावणं शक्य नव्हतं.

शेवटचा गडी पास्को. चेंडू टोलवून मैदानाच्या तीन कोपऱ्यांना शिवून परत यायचं, की जिंकलो.

पण त्याला खोकल्याची उबळ आली. बाहीवर रक्त दिसलं.

त्यानं रनर मागितला. तिथला नियम असा, की रनर कोण हे समोरच्या संघाचा कप्तान ठरवणार. त्यांचा कप्तान हॅकेट. मेल्याच्या जिभेला हाड नाही.

"रनर? देतो की! जेनकिनला घे. तुमच्यात सगळ्यात जोरात तोच पळायचा ना?"



जेनकिन म्हणजे पास्कोचा खाणकामातला जोडीदार. वसंतात खालच्या बोगद्यात पाणी घुसलं, त्यात गेला. प्रेतही मिळालं नाही. बोगदा भिंत घालून बंद केला होता.

"हॅकेट, जीभ झडो तुझी!" मी ओरडले.

पास्को चिडला नाही. 

"मंजूर," तो म्हणाला.

"अरे, वेडबिड लागलंय का तुला?"

"ताई, मला दुसरं आहे कोण?"

त्यानं बॅट उचलली. त्याच्या बाजूला, रनरच्या जागी, कुणीच नव्हतं.

मग... कुंपणाला बांधलेले घोडे दोर ओढायला लागले.

मग वास आला. खाणीत साचलेल्या पाण्याचा.

चेंडू आला. पास्कोनं असा हाणला म्हणून सांगू! तो स्वतः जागचा हलला नाही.

आणि...

चप्... चप्... चप्...

पाणी भरलेले बूट पळत होते.

कोरड्या धुळीत ओली पावलं उमटत होती. एकामागून एक. वर माणूस नाही. नुसती पावलं.

चेंडू पहिल्या कोपऱ्यावर पावलांच्या आधी पोचला. तिथल्या गड्याच्या हातातून तो गळून पडला. "हात बधिर झाले," असं तो नंतर रडत सांगत होता.

दुसरा कोपरा. तिसरा.

शेवटी हॅकेटनं स्वतः चेंडू घेतला आणि वाट अडवून उभा राहिला. पावलं सरळ त्याच्याच अंगावर येत होती.

तो बाजूला झाला. छातीवर क्रूस काढताना मी त्याला पाहिलं.

आमचा न्हावी अंपायर होता. तो पुटपुटला, "धाव..."

जिंकलो. टाळी एकही वाजली नाही.

मुकादमानं शब्द पाळला. पास्कोला वर, शेडमध्ये, दगड निवडायचं काम दिलं. मी आनंदानं रडले हो! सोमवारी पहाटे उठून त्याच्या आवडीची, मटणाचं सारण भरलेली पेस्टी भाजली.

त्यानं ताटाला हात लावला नाही. तो खाणीतले बूट चढवत होता.

"कुठे निघालास? तुझं काम वर आहे ना?"

"तो माझ्या जागी पळाला, ताई. आता त्याच्या जोडीला मला जायला हवं."

"अरे, तो मेलाय!"

"म्हणूनच."

मी दार अडवून उभी राहिले. त्याचा दंड घट्ट धरला, पाया पडले, शिव्या घातल्या. त्यानं हळूच माझी बोटं सोडवली. त्याची बाही ओलीचिंब होती.

दिवसभरात त्याला वर येताना कुणी पाहिलं नाही.

बाईनं खाणीत उतरणं आमच्यात अपशकुनी. त्या संध्याकाळी मला कुणी अडवलं नाही. दोघे जण मला त्या भिंतीपाशी घेऊन गेले. भिंत जशीच्या तशी होती. एक वीट हललेली नाही.

आणि पलीकडून...

ठक्... ठक्... ठक्...

दगडात भोक पाडायला दोन माणसं लागतात. एक पहार धरतो, दुसरा घण घालतो. तो आवाज दोघांचा होता. माझ्यासोबतच्या दोघांनीही ऐकला.

"फोडा ही भिंत!" मागोमाग मुकादम आला होता, मी त्याचे पाय धरले. तो म्हणाला, "बाई, पलीकडे छतापर्यंत पाणी आहे. सगळी खाण बुडेल."

मी नखांनी विटा ओरबाडल्या. लोकांनी उचलून वर आणलं मला.

अजूनही मी जाते. भिंतीला कान लावते आणि हाक मारते, "पास्को..."

ठोके थांबतात.



मग पुन्हा सुरू होतात.