काकांच्या विमानावरचा लाल पट्टा

“ओम, फुंकर मारू नकोस! सुरकुत्या वाढतायत!”

“मी कुठे मारतोय? तूच बाटलीतलं जास्त लावलंस, ताई!”

भाग्यश्रीने ब्रश खाली ठेवला. पुढ्यात काकांचं अर्धवट राहिलेलं वीतभर विमान होतं. डाव्या पंखाच्या गोल कडेवरून वळवून खाली न्यायचा, स्टिकरसारखा पातळ लाल पट्टा तिने पाण्यात भिजवला होता आणि कागदावरून अलगद पंखावर सरकवला होता. सपाट भागावर तो छान बसला. कडेपाशी मात्र अडून राहिला, वळेचना! अशा वेळी काका त्या बिनलेबलच्या बाटलीत ब्रश बुडवून पट्ट्यावर फिरवायचे, एवढं तिला आठवत होतं. तिने तसंच केलं, तर पट्टा दुधावरच्या सायीसारखा गोळा झाला.

“वाट लागली!” मीना म्हणाली. शेजारच्या गुलाबाच्या मळ्यातली ही मीना खरं बोलायला कुणाच्या बापाला घाबरायची नाही. “पळा आता. काकू उठतील.”

तिघंही मांजराच्या पावलांनी पसार झाली.

भाग्यश्री आणि ओम दर सुट्टीत छायाकाकूकडे नाशिकला यायचे. यंदा घरात काका नव्हते. ओझरच्या कारखान्यात खऱ्या विमानांना रंग देणारे आणि घरी आले की चिमुकली विमानं घडवणारे काका दिवाळीनंतर गेले. दहाव्याला रामकुंडावर कावळा पिंडाला कितीतरी वेळ शिवलाच नाही. तेव्हापासून काकूने मनाशी धरलं होतं, की ह्यांचं काहीतरी राहिलंय. काकांची खोली बंद झाली. पण गेले काही दिवस दुपारी सगळीकडे सामसूम झाली, की त्या बंद खोलीतून आंबूस वास यायचा. काकांच्या हातांना यायचा, अगदी तोच! काकू दाराबाहेर उभी राहून हळूच म्हणायची, “आले वाटतं.” ते ऐकून मुलं अंगणात पळायची.

त्या संध्याकाळी मनमाडहून राहायला आलेले काकूचे भाऊ, सावळीराममामा, टेबलफॅन आणायला खोलीत शिरले आणि ओरडतच बाहेर आले.

“ताई! हे बघ काय झालंय!”

सगळे धावले. डाव्या पंखावर लाल पट्टा होता. कडेवरून वळून तो असा चपखल बसला होता, की जणू रंगवलेलाच. एकही सुरकुती नाही!

“पण दुपारी तर...” ओमने तोंड उघडलं. भाग्यश्रीने त्याला कचकन चिमटा काढला. पट्टा लावला तिघांनी, पण बसवला कोणी?

“ह्यांनीच,” काकू पुटपुटली. “जीव अडकलाय त्यांचा.”

“हे लक्षण बरं नाय,” मामा म्हणाले. “उद्या सांजच्याला ही समदी इमानं पोत्यात भरतो अन् गंगेत सोडतो. सुटतील बिचारे!”

काकूने होकारार्थी मान हलवली. भाग्यश्रीला रडूच कोसळलं. फळीवरची, छताला दोऱ्याने टांगलेली ती विमानं म्हणजेच तिच्यासाठी काका होते. ती गोदावरीच्या तळाशी जाणार?

“उद्या दुपारी पुन्हा आत जायचं,” तिने ठरवलं. “दुसऱ्या पंखाला पट्टा लावायचा आणि या वेळी पळायचं नाही.”

“अन् खरंच भूत असलं तर?” मीनाने विचारलं.

“तर ते आपले काकाच आहेत. आपल्याला कशाला खातील?”

बोलायला सोपं होतं! दुसऱ्या दिवशी उजव्या पंखावरचा पट्टाही तसाच चुरगळला आणि तिघं टेबलाखाली घुसली, तेव्हा भाग्यश्रीने डोळे गच्च मिटून घेतले. खिडक्या बंद होत्या. वारा नव्हता, तरी टांगलेली विमानं स्वतःभोवती संथ फिरत होती.

कडी वाजली. दार करकरलं. पावलं टेबलापाशी येऊन थांबली. वर बाटलीचं बूच निघालं, टप्! ओमने ताईचा दंड घट्ट धरला. आंबूस वास दरवळला आणि मग आवाज आला, कचर्र, कचर्र!

भुतं काय खातात? भाग्यश्रीने टेबलक्लॉथ बोटभर उचलला. समोर चिंधी गुंडाळलेला पायाचा अंगठा होता. सकाळीच उंबऱ्याला ठेचकाळलेला मामांचा अंगठा! मामांच्या हातात कांद्याच्या फोडींची बशी होती. बाटलीतलं पाणी कांद्यावर शिंपडून ते मिटक्या मारत होते. बशी रिकामी झाली, तसे ते बाटली उघडीच टाकून निघून गेले.

“व्हिनेगर!” भाग्यश्री बाहेर येऊन म्हणाली. “डॉक्टरांनी मामांना आंबट बंद केलंय, म्हणून ही चोरी!”

“अन् तपकीर ओढून नाक चोंदलंय त्यांचं,” मीना म्हणाली. “त्यांना कशाचा वास यायला!”

“मग पट्टा पण मामांनीच बसवला?” ओमने विचारलं.

“त्यांनी तर हातही लावला नाही.” भाग्यश्री सुरकुती सरळ करायला बोट पुढे नेणार, तोच मीनाने तिचं मनगट पकडलं.

“थांब! बघ!”

पट्टा हलत होता. आपला आपण! एकेक सुरकुती आत ओढली जात होती. पट्टा मऊ पडला, कडेवरून वळला आणि पंखाला बिलगून झोपला. कुणी हात लावला नव्हता.

“कळलं!” भाग्यश्री कुजबुजली. “व्हिनेगरने तो मऊ पडतो. आधी चुरगळतो आणि वाळता वाळता बसतो. आपण फक्त मध्ये बोट घालायचं नाही!”

संध्याकाळी मामा पोतं घेऊन आले, तर दारात भाग्यश्री उभी.

“मामा, आजचा कांदा कसा लागला?”

“क... कसला कांदा?”

“काकांच्या बाटलीतलं व्हिनेगर घातलेला!” ओम ओरडला.

मामांच्या हातातलं पोतं गळून पडलं. मुलांनी काकूला पहिल्यापासून सगळं सांगितलं. मीना खो खो हसायला लागली, पण काकूचा चेहरा पाहून तिने तोंडावर हात ठेवला.

“म्हणजे... ते आलेच नव्हते तर,” काकू म्हणाली.

भाग्यश्रीला एकदम फार वाईट वाटलं. विमानं वाचली, पण काकूचा आधार आपण काढून घेतला! तिने विमान काकूपुढे सरकवलं.

“नाकावरचा पट्टा राहिलाय, काकू. तू लाव ना.”

काकूने पट्टा सरकवला, व्हिनेगर फिरवलं. पट्टा चुरगळला. “अगं बाई, बिघडलं!” म्हणत तिने बोट पुढे केलं.

“हात मागे! त्याचं त्याला बसू दे!” भाग्यश्री खेकसली आणि तिने जीभ चावली. मोठ्या माणसावर असं ओरडतात का!

काकू तिच्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी हसतच होती.

“अगं, अस्संच ओरडायचे ते माझ्यावर! अगदी अस्संच!”

नाकावरचा पट्टा हळूहळू बसला.

“पोरांनो, मानलं तुम्हाला!” मामा कान पकडून म्हणाले. “आपण तर बुवा कांद्यापायी घरात भूत घातलं!”

काकूने खोलीच्या खिडक्या सताड उघडल्या आणि भाग्यश्रीला जवळ ओढलं.

“शाब्बास गं, पोरी! मी आपली वास घेत दाराबाहेर उभी. त्यांचा आवाज तर तुझ्याकडे होता.”