काकूच्या चेहऱ्याची जगदंबा

पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या. पण मी हे रचून सांगत नाहीये. यातली दोघंही आज मुलुंड पूर्वेला राहतात आणि मी रोज त्यांच्याकडे जाते.

माझे शरच्चंद्रकाका चित्रकार. तरुणपणी त्यांनी सिनेमाची पोस्टरं रंगवली, नंतर पुराणातल्या बायका. द्रौपदी असो की दमयंती, तिच्या चेहऱ्यावर उजेड सिनेमाच्या नायिकेसारखाच पडायचा. त्यावरच त्यांचं नाव झालं.

आणि प्रत्येक चित्रात चेहरा एकच... मृणालिनीकाकूचा.

गेल्या वर्षी, होळीच्या आदल्या रविवारी, त्यांच्या आजवरच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. दारातच मोठी जगदंबा होती. दिवा लावून झाला आणि आयोजकांनी देवी म्हणून तिला शेवंतीचा हार घातला.

हार... काकूच्या चेहऱ्याला.

जिवंत माणसाच्या फोटोला कुणी हार घालतं का? पण देवीच्या गळ्यातला हार काढा, असं तरी कोण म्हणणार?

काकूच हसली. "अहो, मी आहे अजून!"

प्रदर्शन संपलं, चित्र घरी आलं. त्याच दुपारी काकू चहा घेऊन आली. हातभर काचेच्या बांगड्या...

आवाज नाही.

तिने हात जोरात हलवला. काहीच नाही.

मग किणकिण झाली... आतल्या खोलीतून. तिथे फक्त ते चित्र होतं.

काका पांढरेफटक पडले. "तिचा चेहराच नको त्यावर!" म्हणत ते आत धावले आणि देवीच्या चेहऱ्यावर पांढरा रंग फासला.

बाहेरून काकूने मला हाक मारली.

"गंधाली, लाईट गेली का गं?"

भर दुपार होती. खिडक्या सताड उघड्या होत्या.

काकांनी टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवून ओला रंग पुसला. पांढरा निघाला...

खाली चेहरा नव्हता. नुसता कोरा कॅनव्हास.

डॉक्टर म्हणतात, डोळे ठणठणीत आहेत. मग तिला दिसत का नाही? त्यावर ते आणखी एक तपासणी लिहून देतात.

काका आता रोज तिला समोर बसवतात. तोच चेहरा पुन्हा काढला तर तिला दिसेल, एवढीच त्यांची आशा. डोळे काढतात, नाक काढतात... चेहरा मात्र कुणा परकीचाच होतो. उभा जन्म हा एकच चेहरा काढला हो त्यांनी! बघवत नाही मला. राग काढावा तर कुणावर, तेही कळत नाही.

काल काकूने विचारलं, "अहो, जमतंय का?"

"होतच आलंय," काका म्हणाले. नुकताच त्यांनी सगळा चेहरा पुसून टाकला होता.

"गंधाली, तू सांग. माझ्यासारखी दिसते ना गं?"

"डिट्टो तू," मी म्हटलं.

ती खूश झाली. हनुवटी जराशी वर करून पुन्हा नीट बसली.

आज गेले की ती परत विचारणार...